मांडीवरचे पुस्तक



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आपल्या बाईंनी या शाळेच्या बालवर्गात उभी हयात घालवली. इंदुरातल्या ज्या मराठी घरांत आज तिसरी-चौथी पिढी नांदते आहे, त्यांतील कितीतरी जणांच्या जिभेला मराठी वळण बाईंनी लावले. मीही त्यांच्यापैकीच एक. विश्वस्तांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले आणि विषय विचारला, तेव्हा संतवाङ्मय किंवा नवकाव्य असे काहीतरी उत्तर त्यांना अपेक्षित असावे. ‘लहान मुलांना मांडीवर घेऊन यमकांची चित्रपुस्तके वाचणे’ असा विषय मी सांगताच दूरध्वनीवर थोडा वेळ शांतता पसरली. त्या शांततेचा अर्थ मला कळतो, कारण पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोणी मला हा विषय सुचवला असता तर मीही तसाच गप्प झालो असतो.

त्या वेळी मी छंदःशास्त्रावर प्रबंध लिहीत होतो. माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ माझ्या टेबलावर सतत उघडी असे. मात्रा, आवर्तने, यती यांची टिपणे काढण्यात माझ्या रात्री जात. आणि त्याच घरात, त्याच रात्री, माझा मुलगा आईच्या कुशीत झोपत असे. त्याला मी एकही चित्रांचे पुस्तक मांडीवर घेऊन वाचून दाखवले नाही. ते बायकांचे काम, बडबडगीते म्हणजे वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरची गोष्ट, अशी माझी पक्की समजूत होती. मुलगा पुढे शिकला, परगावी स्थिरावला. त्याला मराठी संपूर्ण कळते. पण माझ्याशी बोलताना तो उत्तर देतो ते हिंदीत. सूनबाई हिंदीभाषक घरातील, सुस्वभावी आहेत, त्यांचा यात काडीचा दोष नाही. दोष कोणाचा हे मी सांगितलेच आहे. दोन वर्षांपूर्वी माझी नात, तेव्हा साडेतीन वर्षांची, सुट्टीसाठी आमच्याकडे राहायला आली आणि गोठ्याच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘आजोबा, देखो, वासरू आला!’’ आजच्या या विवेचनाचे बीज त्या वाक्यात आहे.

प्रथम यमकाचा विचार करू. मोठ्या माणसाला यमक हा पद्याच्या शेवटी जोडलेला अलंकार वाटतो. तीन वर्षांच्या मुलाला ते तसे वाटत नाही. त्याच्या कानाला भाषा म्हणजे एक अखंड प्रवाह असतो. त्या प्रवाहात कोठे तोडावे, कोणता तुकडा पुन्हा आला, हे त्याला यमक सांगते. ‘कान’, ‘पान’, ‘रान’ हे शब्द लागोपाठ ऐकले की एक भाग तोच राहिला आणि एक भाग बदलला, हे कोणी न सांगता त्याच्या ध्यानात येते. शब्द फोडता येतो, ही त्याच्या आयुष्यातील फार मोठी बातमी असते.

इंग्लंडमधील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली या बाबतीतील एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचू न लागलेल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना त्यांनी तीन-चार शब्द ऐकवले आणि त्यांतला वेगळ्या ध्वनीचा शब्द ओळखायला सांगितले. पुढे सुमारे चार वर्षांनी त्याच मुलांचे वाचन आणि शुद्धलेखन तपासले. लहानपणी ज्यांचा कान यमकाला तयार होता, ती मुले वाचनात पुढे असल्याचे दिसले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. काही मुलांना दोन वर्षे ध्वनींचे खेळ शिकवले, काहींना ध्वनींच्या जोडीला अक्षरेही हाताळायला दिली. या दुसऱ्या गटाची प्रगती सर्वांत चांगली झाली. म्हणजे केवळ कान तयार करून भागत नाही. कानाने ऐकलेले डोळ्यांसमोर कोठेतरी दिसावेही लागते.

आता हे इंग्रजीचे झाले. इंग्रजीची लिपी एकेका वर्णाची, आपली अक्षरांची. तिकडचा निष्कर्ष उचलून जसाच्या तसा इकडे लावणे बरे नव्हे. आपल्या शेजारच्या कन्नड भाषेतील वाचनावर बंगळूरच्या सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आहे. कन्नड मुलांना शब्दातील अक्षरे लवकर ओळखू येतात, पण अक्षराच्या पोटातील स्वर आणि व्यंजन वेगळे करण्याची जाण सावकाश, शाळेची काही वर्षे गेल्यावर येते, असे त्यांना आढळले. देवनागरीतही लिपीची घडण तशीच आहे. ‘कान’ आणि ‘पान’ यांत काना डोळ्यांना दिसतो. पण ‘कर’ आणि ‘घर’ घ्या. कानाला ‘अर’ हा भाग दोन्हींत सारखाच ऐकू येतो. लिहिताना मात्र तो ‘अ’ कोठे आहे? ‘क’ आणि ‘घ’ यांच्या पोटात दडलेला. लिपी ज्याला एक आणि अखंड मानते त्याचे यमक दोन तुकडे करते. छंदःशास्त्राचा विद्यार्थी म्हणवून घेत असूनही ही साधी गोष्ट मला सत्तरी ओलांडल्यावर, नातीला ‘कर, घर, सर’ असे म्हणताना ऐकून उमगली.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत यमकाकडे आणखी एक काम येते. आपल्या मुलांच्या कानावर दिवसभर दुसरी भाषा पडत असते. बेळगावच्या आणि वडोदऱ्याच्या आपल्या बांधवांची स्थिती काही बाबतींत आपल्यापेक्षा बरी म्हणायची. कन्नडमध्ये ‘ळ’ आहे, गुजरातीतही आहे, दोन्हींत नपुंसकलिंगही आहे. प्रमाण हिंदीत दोन्ही नाहीत. (आपल्या माळवीत ‘ळ’ उत्तम नांदतो. पण शहरातल्या मुलांच्या कानावर माळवी पडते कोठे?) त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरची आपली मुले ‘काळ’ला ‘काल’ म्हणतात, ‘वेळ’ची ‘वेल’ करतात. ‘चिमणीची चोच’ एवढे दोनच शब्द त्यांच्याकडून म्हणवून पाहा. पहिल्या शब्दातील दोन्ही ‘च’ तालव्य आणि ‘चोच’मधले दोन्ही दंततालव्य. हिंदीच्या सवयीची जीभ या चारही ‘च’कारांना एकाच साच्यातून काढते.

हे सारे यमकाने आपोआप सुधारते असा दावा मी करणार नाही. मला आधी तसे वाटले होते. ‘डाळ’ आणि ‘माळ’ यांचे यमक म्हटले की ‘ळ’ जिभेवर बसेल, असा माझा होरा होता. नातीने शांतपणे ‘डाल’ आणि ‘माल’ म्हटले, आणि यमक बिनचूक जुळले! मग लक्षात आले की कानाला दुरुस्ती मिळते ती मोठ्या माणसाच्या आवाजातून. त्या आवाजाकडे मूल पुन्हा पुन्हा आणि आनंदाने यावे एवढीच व्यवस्था यमक करते. तेही थोडे नाही. एरवी ‘नीट म्हण, ळ म्हण’ असे पाच वेळा सांगितले तर सहाव्या वेळी मूल खोलीतून निघून जाते.

लिंगाच्या बाबतीत मात्र आपल्या भाषेने एक सुंदर सोय करून ठेवली आहे. ‘वासरू आला’ या वाक्याने मी अस्वस्थ झालो होतो. त्याच रात्री पिल्लांच्या नावांची यादी करायला बसलो, आणि पाहतो तो काय! वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू, शिंगरू, फुलपाखरू. सगळी लहानगी, सगळी नपुंसकलिंगी आणि सगळी एकमेकांशी यमकात. करडू आणि रेडकू थोडी बाजूला उभी राहतात, पण शेवटचा ‘ऊ’ त्यांनीही सोडलेला नाही. व्याकरणाचा एक अख्खा धडा मराठीने यमकाच्या रूपाने पाळण्यापाशी आणून ठेवला आहे. मी लगोलग एक पुस्तक तयार केले. जुन्या दिनदर्शिकांचे जाड कागद कापले, चित्रे माझ्या पत्नीने काढली, आणि मजकूर मी रचला. तो येथे वाचून दाखवायला संकोच वाटतो, पण विवेचनासाठी आवश्यक आहे :

गाईमागे वासरू,
मेंढीमागे कोकरू,
झाडावरती पाखरू,
आईपाशी लेकरू.

यात काव्य शोधू नका. मोजमाप मात्र पाहा. प्रत्येक ओळीत आधी आठ मात्रा, मग पाच. माधव जूलियनांच्या परिभाषेत हे पद्मावर्तन, म्हणजे आठ मात्रांचे आवर्तन. दुसऱ्या आवर्तनात पाचच मात्रा भरल्या आहेत, तीन रिकाम्या आहेत. त्या तीन मात्रांच्या विसाव्यात मूल चित्राकडे पाहते, टाळी वाजवते, किंवा पान उलटते. आपल्या आज्या जात्यावर, पाळण्यापाशी, मुलाला पायावर झुलवताना जे म्हणत त्यात हा विसावा नेहमी असे. त्यांनी मात्रा मोजल्या नव्हत्या. मी मोजल्या, पण विसावा कशासाठी असतो ते मला ठाऊक नव्हते.

आता चित्राकडे वळू. पुस्तक वाचून दाखवताना मूल अक्षरांकडे पाहत असेल अशी आपली समजूत असते. कॅनडातील मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबँ यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा मुले जवळजवळ सर्व वेळ चित्रच पाहत असल्याचे आढळले. अक्षरांकडे त्यांची नजर क्वचितच जात होती. याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. डोळा चित्रावर आणि कान शब्दावर, अशी ही विभागणी आहे. यमकाच्या पुस्तकात या दोहोंची गाठ पडायची जागा म्हणजे ओळीचा शेवट. म्हणून यमकाच्या शब्दाचे चित्र पानावर असलेच पाहिजे.

ही गोष्ट रशियन कवी कर्नेय चुकोव्स्की यांनी फार पूर्वी ओळखली होती. ‘दोन ते पाच’ या आपल्या पुस्तकात त्यांनी बालकवींसाठी काही नियम सांगितले आहेत. कवितेच्या प्रत्येक टप्प्यावर चित्रकाराला चित्र काढता आले पाहिजे, आणि यमकाच्या शब्दांनीच वाक्याच्या अर्थाचा मुख्य भार वाहिला पाहिजे, हे त्यांतले दोन. या कसोटीवर आपल्या बाजारात मिळणारी कितीतरी पुस्तके उतरत नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते. ‘आला’ला ‘गेला’, ‘घरात’ला ‘दारात’ अशी प्रत्ययांची यमके फुकट मिळतात. त्यांत कान काही शोधत नाही आणि चित्रकाराच्या हाती काही लागत नाही. याउलट ‘मगर’ या शब्दाला ‘नगर’ जुळते हे ध्यानात आले की मगरीला नगरात आणणे भाग पडते, आणि मग बाजारपेठेत, टांग्याच्या मागे, हलवायाच्या दुकानात मगर दाखवता येते. चुकोव्स्की यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पद्यकथेत मगरीला शहराच्या रस्त्यावरून फिरवले आहे, ते काही मराठी यमकासाठी नव्हे! आपल्याकडे विंदा करंदीकरांचा ‘राणीची बाग’ हा संग्रह १९६१ साली आला. प्राण्यांच्या तोंडी शहाणपणाचे उपदेश न घालता त्यांना विक्षिप्त वागू द्यायचे, आणि ते वागणे यमकातून निपजू द्यायचे, हे त्यांनी केले. बंगालीत तर योगींद्रनाथ सरकारांचे ‘हासिखुशि’ हे यमकांचे सचित्र अक्षरपुस्तक १८९७ इतक्या लवकर निघाले होते.

भाषांतरित चित्रपुस्तकांविषयी मात्र सावध राहावे. गद्य चित्रपुस्तकांचे भाषांतर छान होते. सोव्हिएत संघ असेतो मॉस्कोहून मराठीत छापून येणारी स्वस्त आणि देखणी पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना ते ठाऊक आहे. यमकाच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. तेथे चित्र आधीच छापलेले असते आणि ते परभाषेतील यमकातून जन्मलेले असते. अमेरिकेतील डॉ. स्यूस यांचे टोपीवाल्या मांजराचे प्रसिद्ध पुस्तक १९५७ सालचे. नवशिक्या वाचकांसाठीच्या मर्यादित शब्दसूचीत राहून, अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत त्यांनी ते रचले. इंग्रजीत मांजर आणि टोपी यांचे यमक जुळते म्हणून मांजराच्या डोक्यावर टोपी आली. मराठीत ‘मांजर’ आणि ‘टोपी’ यांची कोणत्याही वृत्तात गाठ पडत नाही. अशा वेळी भाषांतरकार ओळीच्या शेवटी ‘छान’, ‘मस्त’, ‘खास’ असे भरतीचे शब्द टाकतो, आणि मुलाच्या कानाला फसवणूक लगेच कळते.

आता प्रत्यक्ष वाचावे कसे. याविषयी एक-दोन गोष्टी संशोधनाने स्पष्ट झाल्या आहेत. अमेरिकेतील ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिले की पालकांनी नुसते वाचत न जाता चित्रावर मोकळे प्रश्न विचारले, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत केले, तर दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात एका महिन्यात फरक पडतो. मोकळा प्रश्न म्हणजे ‘हे वासरू आहे ना?’ असा नव्हे, तर ‘वासरू कोठे चालले आहे?’ असा. यमकाच्या पुस्तकात मात्र हे प्रश्न पहिल्याच वाचनात विचारू नयेत, असा माझा अनुभव आहे. पहिली तीन-चार वाचने सलग, ताल न मोडता व्हावीत. ताल अंगात मुरला की मग थांबण्याला अर्थ येतो.

थांबायचे कोठे हाही प्रश्न आहे. अमेरिकेतील कर्स्टन रीड यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवे शब्द यमकाच्या जागी आले तर लहान मुलांच्या ते अधिक लक्षात राहतात असे आढळले. २०१९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन दाखवले की वाचणारा नव्या शब्दाच्या आधी थांबला, तर तो शब्द उच्चारून झाल्यावर थांबण्यापेक्षा मुले अधिक शिकतात. आधी थांबल्याने मुलाला अंदाज बांधायला वेळ मिळतो. त्याचा अंदाज बरोबर ठरो वा चुको, कान टवकारलेले असतात.

आमच्या घरच्या पुस्तकात मी हेच केले. ‘झाडावरती’ म्हणून थांबलो की नात ‘पाखरू’ म्हणून ओरडे. पण ‘आईपाशी’ म्हणून पहिल्यांदा थांबलो तेव्हा ती चित्राकडे पाहून म्हणाली, ‘‘मी!’’ यमक मोडले. ते दुरुस्त करण्याचा मोह मला झाला होता, शिक्षकी पेशाची सवय जात नाही. पत्नीने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘हो, तूच ते लेकरू.’’ दुसऱ्या दिवशी मुलीने आपण होऊन ‘लेकरू’ म्हटले, आणि आणखी आठवड्याभराने, गॅलरीतून रस्त्यावर पाहत, ‘‘आजोबा, वासरू आलं’’ असेही म्हटले. एका पुस्तकाने तिची मराठी सुधारली असे मी म्हणत नाही. परत गेल्यावर ती पुष्कळशी विसरली. ‘आलं’ मात्र टिकले.

मागच्या वर्षी ती पुन्हा आली तेव्हा पुस्तकाच्या कडा झिजल्या होत्या. एके रात्री तिच्या बाबाचा चलच्चित्र दूरध्वनी आला. तिने पुस्तक भ्रमणध्वनीसमोर उलटे धरले आणि त्याला वाचून दाखवायला सुरुवात केली, माझी नक्कल करीत, प्रत्येक ओळीच्या शेवटाआधी थांबून. पहिल्या ओळीला माझा मुलगा हसला आणि गप्प बसला. ती थांबूनच राहिली. त्याने चाचरत ‘वासरू’ म्हटले, तेव्हाच तिने पान उलटले. चौथ्या ओळीपर्यंत तो तयार झाला होता. मी बाजूच्या खुर्चीवर होतो, पण चित्रात दिसत नव्हतो, ते बरेच झाले.

आता थोडे व्यवहाराचे सांगतो. चांगल्या पुस्तकांसाठी पुण्या-मुंबईला जायला हवे असे नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तके माफक किमतीत मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ साली सुरू झालेल्या संगणकीय संग्रहात मराठी चित्रपुस्तके विनामूल्य आहेत, पण ती कागदावर छापून घ्यावीत. मांडीवर पडद्यापेक्षा कागद बरा, मुलाला पान स्वतः उलटता येते. निवडताना प्रत्येक पुस्तक एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. दुकानात संकोच वाटला तरी म्हणावे. जेथे जीभ अडखळेल ते पुस्तक ठेवून द्यावे. आणि शक्य असेल तेथे घरीच एक करावे. आठ पाने पुरतात. घरातील माणसांची नावे, गल्लीतली कुत्री, सराफ्यातला खाऊ, यांतून यमके निघतात. चित्र वाईट आले तरी चालते, मुले ते मनावर घेत नाहीत. पानांची शिवण मात्र मधोमध दुहेरी दोऱ्याने घालावी, टाचणी वापरू नये, गंजते आणि बोटाला लागते.

आमची प्रत मी आज बरोबर आणली आहे. ती मागच्या मेजावर, बाईंच्या तसबिरीशेजारी ठेवली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. तिसरे पान सुटे झाले आहे, ते सांभाळून उलटावे.